राजीखुशीचा कागद

गेल्या महिन्यात वारज्याला भाचीकडे गेले होते. पुलाच्या खांबाला एक फ्लेक्स टांगलेला दिसला. मधोमध शेळके वकिलांचा काळ्या कोटातला फोटो, वर ‘गावचे भूषण, भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून अठ्ठावीस चेहरे. मी रस्त्यात उभी राहून एकेक चेहरा बघितला. त्यांतल्या निम्म्यांचे कागद मी टाइप केलेले आहेत. याच लोकांनी शेळके वकिलांना ‘घरफोड्या’ म्हटलं होतं आणि ते निवडणूक हरले त्या दिवशी त्यांच्या दारासमोर अर्धा तास ढोल बडवले होते. मेल्यावर भूषण.

रिक्षावाला म्हणाला, “मावशी, वळखीचे व्हते का?”

“वरचे एक,” मी म्हटलं. “खालचेही, दुर्दैवाने.”

घरी आले तरी डोकं तापलेलंच होतं. तो फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली जाईल आणि शेळके वकील म्हणजे तेवढंच, असं होऊन बसेल. ते मला चालणार नाही.

शिवाजीनगर कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं टायपिंग केलं. आधी मराठी मशीनवर, मग कॉम्प्युटरवर. वकील यायचे, मसुदा द्यायचे, चहाला जायचे आणि परत येऊन चुका काढायचे. शेळके वकील चहाला जात नसत. बसतही नसत. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, “नको बाई. बसलं की माणूस कबूल होतो.” ठेंगणे, जाड मानेचे, कोटाचं वरचं बटण कायम तुटलेलं. माझ्या खांद्यामागे उभं राहून प्रत्येक ओळ ओठांत पुटपुटत वाचायचे. बोलायचे पुण्यात शिकलेली स्वच्छ भाषा. पण राग आला की ती गळून पडायची आणि ‘आहे’चं ‘हाय’ व्हायचं. ‘हाय’ ऐकू आलं की आजूबाजूचे टायपिस्ट हात थांबवून बघायचे.

तेव्हा वारज्याच्या पलीकडे जिथून बस वळून परत यायची, तिथलं त्यांचं गाव. गावातले ते पहिले वकील, मग सरपंच, आणि गाव महापालिकेत आलं तेव्हा तिथले पहिले नगरसेवक. रहिवासी दाखले ते माझ्या टेबलावर, उभ्या उभ्याच सही करून द्यायचे. पाण्याच्या लाइनसाठी महापालिकेत तीन दिवस इंजिनिअरच्या दारात उभे राहिले होते, आणि चौथ्या दिवशी तो इंजिनिअरच त्यांच्याबरोबर गावात खड्डा बघायला गेला. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. गावातले लोक सांगायचे, तेव्हा कौतुकाने.

मग हिंजवडीला कंपन्या आल्या. महामार्ग गावाच्या कुशीतून गेला. ज्या रानात नांगराला माणूस मिळत नव्हता, तिथे मोटारी येऊन उभ्या राहू लागल्या. बिल्डरांना जमीन हवी होती, पण कागद स्वच्छ हवा होता. आणि सातबारा उघडला की त्यावर बहिणींची नावं निघायची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लग्न करून दिलेल्या, मुळशी, भोर, वेल्ह्याकडे नांदणाऱ्या बहिणी. ज्यांची चौकशी करायला पोस्टकार्डही जात नव्हतं, त्यांना आणायला आता जीपगाड्या जाऊ लागल्या. एक साडी घ्यायची, हॉटेलात जेवू घालायचं, आणि हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा. बहीण आपला हिस्सा भावाला सोडते, बदल्यात काही नाही. त्या कागदाचं शेवटचं वाक्य मी झोपेतही टाइप केलं असतं: ‘सदरचे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले आहे.’ त्या वर्षांत दिवसाला पाच-सहा वेळा मी ते लिहीत असेन. एकदाही मान वर करून त्या बाईकडे पाहिलं नाही.

शेळके वकिलांच्या मसुद्यात ‘राजीखुशीने’ या शब्दाच्या जागी नुसती रेघ असायची. पहिल्यांदा मला वाटलं, विसरले.

“बाई, तेवढी जागा मोकळी सोडा. मी विचारून सांगतो.”

“कोणाला विचारून?”

“जिची खुशी आहे तिला.”

त्या दिवशी चार भाऊ आले होते, पांढऱ्या कपड्यांतले, गळ्यात नव्या साखळ्या. त्यांची बहीण शांताबाई माझ्या शेडच्या कोपऱ्यात पोत्यासारखी बसली होती. वकिलांनी भावांना बाहेर पाठवलं आणि स्वतः तिच्यासमोर उभे राहिले.

“ताई, यात काय लिहिलंय माहीत आहे?”

“भावांचं काम हाय.”

“तुझ्या वडिलांच्या रानात तुझा वाटा आहे. तो तू सोडतेस, असं लिहिलंय. सोडायचाय का?”

ती त्यांच्या बुटांकडे बघतच म्हणाली, “न्हाई सोडला तर माहेर तुटंल. तुमी वकील लोक माहेर देनार हाय का?”

मी हात थांबवले. हा माणूस आता काय बोलणार ते मला बघायचं होतं. त्यांची मान लाल झाली होती. मग म्हणाले, “देतो. दिवाळीत भाऊबीजेला माझ्याकडे ये. पत्ता लिहून देतो.” आणि बाहेर जाऊन भावांना म्हणाले, “कागद हुनार न्हाई. तिची खुशी न्हाई.”

भाऊ हसले. हसणारच. चाळीस पावलांवर दुसरा वकील होता. तासाभरात तोच मसुदा, शब्द भरलेला, माझ्याच टेबलावर आला, आणि मी तो टाइप केला. शांताबाई समोर उभी होती. अंगठ्याला शाई लावताना तिने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेळके वकिलांना कळलंच. ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “चुका तरी करायच्या होत्या, बाई.”

मला झोंबलं. मी म्हटलं, “माझं घर टायपिंगवर चालतं वकीलसाहेब, क्रांतीवर नाही.”

“ते बरोबर आहे,” असं म्हणून ते निघून गेले. माझं बरोबर असलेलं ते वाक्य मला अजून सहन होत नाही.

शांताबाई भाऊबीजेला खरंच त्यांच्याकडे गेली. पुढच्या वर्षी तिच्याबरोबर आणखी तिघी. तिसऱ्या वर्षी अकरा जणी झाल्या. काहींनी सही दिली नव्हती म्हणून माहेर तुटलेलं, काहींनी देऊनही तुटलेलं. कारण एकदा सही झाल्यावर जीप परत जातच नव्हती. वकिलांच्या पत्नी सुमनताई एकदा शेडमध्ये आल्या होत्या, तेव्हा मला म्हणाल्या, “अकरा वेळा ओवाळून घेताना ह्यांची मान अवघडते. आणि अहो, ओवाळणाऱ्या ह्या बायकांची मतं इथं नाहीत, आणि इथल्या बायका मत देताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. ते ह्यांना कोण सांगणार?”

एकदा काम नव्हतं, दुपारची वेळ होती, तेव्हा त्यांनी मला विचारलं, “बाई, नारायण पेठेतल्या तुमच्या माहेरच्या खोल्यांचं काय झालं?”

“भाऊ राहतो.”

“तुम्ही सही केली?”

“आमच्याकडे असलं कोणी विचारत नाही.”

“विचारत नाही म्हणजे केली,” ते म्हणाले आणि मसुद्यात डोकं घातलं. मी चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. चीड कशाची आली होती? त्यांनी विचारलं याची, की माझ्या भावाने विचारलं नव्हतं याची, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

नगरसेवकपदासाठी दुसऱ्यांदा ते निवडणुकीला उभे राहिले तेव्हा गाव बदललेलं होतं. समोर रमेशशेठ नावाचा तरणा उमेदवार होता. पाच वर्षांपूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. आता बिल्डरांना जमिनी जुळवून द्यायचा. शेळके वकिलांची पत्रकं मी टाइप केली होती, म्हणून मारुतीच्या पारावरच्या शेवटच्या सभेला गेले. दोन्ही उमेदवारांनी एकाच मंडपात बोलायचं असं गावाने ठरवलं होतं. रमेशशेठने खिशातून एक पिवळा पडलेला कागद काढला.

“ह्यो बघा! दुसऱ्यांच्या भैनींचा पुळका असलेल्या वकिलानं सोताच्या भैनीकडून काय लिहून घेतलंय! हक्कसोडपत्र! हौसाबाई, ह्यांची थोरली भैन. हाय का न्हाई ओ वकील?”

मंडप हसला, शिट्ट्या झाल्या. शेळके वकील माइकपाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी कायद्याचं बोलून सुटतील.

“हाय,” ते म्हणाले. “सनद मिळाली, त्यानंतर मी लिहिलेला पैला कागद त्योच. आक्का चुलीपाशी भाकरी करत व्हती. पिठाच्या हातानं अंगठा दिला. कागदाकडं बघितलं बी न्हाई. मीबी तिच्याकडं बघितलं न्हाई. म्हनून तर मला म्हाईत हाय, तुमी कसं करता ते!”

शिट्ट्या थांबल्या. वाटलं, जिंकले. पण माणसं आपलं माप दाखवणाऱ्याला मत देत नाहीत. ते हरले, आणि थोडेथोडके नाही. मतदानाच्या दिवशी बायकांच्या रांगा मी बघितल्या होत्या. त्या रांगेत शांताबाईच्या दोन भावजया होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या जमिनीचेही कागद व्हायचे होते. दोघी रमेशशेठच्या गाडीतून आल्या आणि त्याच गाडीतून गेल्या. मग ते ढोल. घरात सुमनताई खिडक्या लावत होत्या आणि वकील दारात उभे होते. ढोल संपेपर्यंत आत गेले नाहीत.

महिन्याभराने त्यांनी मला एक बक्षीसपत्र टाइप करायला दिलं. ओढ्याकाठचा, त्यांच्या नावावर उरलेला मोठा तुकडा, बहिणीच्या नावाने. या मसुद्यात मोकळी जागा नव्हती. सगळं एका दमात सांगितलं. मुलगा अतुल बरोबर आला होता, हिंजवडीच्या कंपनीतून सुट्टी टाकून, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच.

“बाबा, लीगली आत्याचा काही क्लेम नाहीये. दावा करायची लिमिटेशन संपून जमाना झाला. तुम्ही इमोशनल होताय.”

“लीगली काय आहे ते मला शिकवू नकोस.”

“निदान आईला तरी विचारलंत का?”

“जे माझं नाही ते द्यायला कोणाला विचारायचं?”

अतुल माझ्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही तरी सांगा ना.” मी म्हटलं, “मी टायपिस्ट आहे.” ते वाक्य मला फार सोयीचं होतं.

हौसाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. भावापेक्षा वीतभर उंच, काटक, मिश्रीने काळे झालेले दात. कोर्टात ज्यांना सगळे दबकून असत, त्या माणसाला त्या ‘निवरत्या’ म्हणत होत्या.

“निवरत्या, मला कशाला रं हे? ह्या वयात मी तितं काय पिकवनार हाय?”

“तुझं हाय म्हनून, आक्का,” ते म्हणाले, आणि साक्षीदारांना हाक मारायला बाहेर गेले. हौसाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “ल्हानपनापासून असंच हाय. आपन बोलूस्तवर ह्यो निगून गेलेला आसतो.”

वर्षही झालं नाही. हौसाबाईंच्या दोन्ही मुलांनी आईकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलं, म्हणजे तिच्या वतीने सह्या करण्याचा अधिकार. आणि तो तुकडा विकला. घेणाऱ्यांत रमेशशेठ होता. हे कळलं त्या सकाळी शेळके वकील तडक शेडमध्ये आले. माझ्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलून त्यांनी परत तिथेच आपटला. दुपारपर्यंत त्यांनी दावा तयार केला. बहिणीच्या वतीने, तिच्याच मुलांविरुद्ध, विक्री रद्द करण्याचा. वकीलपत्रावर तिचा अंगठा घ्यायला ते स्वतः भोरला तिच्या सासरी जाऊन आले.

दावा तीन वर्षं चालला. त्यांनी बाकीची कामं सोडली. तारीख पडली की आधी दोन दिवस माझ्याकडे यायचे, अर्ज बदलून घ्यायचे, प्रत्येक वेळी भाषा आणखी कडक. ओढ्याकाठी तोवर सहा मजले उभे राहिले होते आणि खाली मोबाइलचं दुकान आलं होतं. मी एकदा म्हटलं, “वकीलसाहेब, जिंकून काय मिळणार?” ते म्हणाले, “कागदावर तरी खरं लिहिलं जाईल.”

शेवटी हौसाबाईंच्या साक्षीचा दिवस आला. त्या एकट्याच आल्या होत्या. मुलं बरोबर नव्हती, पण नातसून बाळंत झाली होती आणि त्यांच्या हातात बाळंतविड्याची पिशवी होती. माझ्या टेबलासमोर त्या थांबल्या आणि भावाला म्हणाल्या, “निवरत्या, मी आत येनार न्हाई. माज्या पोरांवर मी बोलनार न्हाई.”

“त्यांनी तुला फसवलंय, आक्का.”

“हो.”

“मंग?”

“मंग काय? मला त्यांच्यातच ऱ्हायचं हाय. तू कागद मागं घे.”

मी शेळके वकिलांना इतकी वर्षं रागावताना पाहिलं होतं, पण हे निराळं होतं. सगळी शेड ऐकत होती.

“जलमभर दुसऱ्यांसाठी अंगठा देत आलीस! माझ्यासाठी दिला, नवऱ्यासाठी दिला, पोरांसाठी दिला! मरूस्तवर तू बाई न्हाई हुयाची, अंगठाच राहशील!”

हौसाबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

“अंगठा तर अंगठा. त्यो तरी माजा हाय. जगाच्या बायकांना इचारत फिरलास, ताई, सोडायचंय का म्हनून. मला कवा इचारलंस? घेतलंस तवा इचारलं न्हाई, दिलंस तवाबी न्हाई. कोर्टात आनलंस तवा तरी इचारलंस का, आक्का, तुला पायजेल का म्हनून?”

पिशवी उचलून त्या चालू लागल्या. वकिलांचा चेहरा मला बघवेना. मला त्यांचा राग आला होता, हौसाबाईंचा आला होता, त्या मुलांचा आला होता, आणि वर्षानुवर्षं खाली मान घालून टाइप करणाऱ्या बाईचा सगळ्यात जास्त. आणि एवढं सगळं होऊन रमेशशेठला त्या दिवशी साधी ठेचसुद्धा लागली नसेल.

“बाई, पुरसिस घ्या,” ते म्हणाले. पुरसिस म्हणजे कोर्टाला द्यायची चिठ्ठी, दावा मागे घेत असल्याची. पण पुढचं सांगायला त्यांना जमेना. त्यातले शब्द मला पाठ होते. मी माझे मीच टाइप केले आणि कागद पुढे केला. त्यांनी सही केली. खाली वादीचा अंगठा लागणार होता, आणि वादी तर निघून गेली होती.

तो कागद आठवड्याने दुसरे एक वकील घेऊन गेले. शेळके वकील परत कोर्टात आले नाहीत. त्यांनी काम थांबवल्याचं कळलं. पुढच्या वर्षी मीही शेड सोडली. हौसाबाई आधी गेल्या, ते नंतर, एवढं अतुलकडून फोनवर समजलं. मी दोघांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्या त्या दुपारी.

सही करून ते टेबलाशी उभे होते. समोर रस्त्यापलीकडे स्वारगेटच्या बसच्या थांब्यावर हौसाबाई दिसत होत्या, आजूबाजूच्या माणसांपेक्षा उंच. मधून कंपन्यांच्या काळ्या काचांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या. बस आली. शेळके वकील एकदम निघाले. कागद टेबलावरच राहिला. मी ओरडले, “अहो, गाड्या!” त्यांनी ऐकलं नाही. सत्तरीला आलेला तो ठेंगणा माणूस हात वर करून रस्त्यात शिरला. एका गाडीचा ब्रेक करकचला, ड्रायव्हरने शिवी दिली. वकिलांनी तिच्या टपावर मूठ आपटली आणि पुढे गेले. बस सुटली होती. त्यांनी मागच्या दाराचा दांडा धरला, एक पाय आत, एक बाहेर, कोट वाऱ्यावर. कंडक्टर ओरडत होता.

तेवढ्यात आतून एक हात आला आणि कोटाची बाही धरून त्यांना आत ओढून घेतलं. मागच्या काचेतून दोघं क्षणभर दिसले, त्या उंच, ते खाली दांडा धरून. दोघंही एकदमच बोलत होते. चेहऱ्यांवरून तरी भांडतच होते.